बुरशीची ओळख शरीराला कशी पटते

शरीरात शिरू पाहणाऱ्या सूक्ष्मजीवांमध्ये बुरशी ही माणसाच्या सर्वांत जवळच्या नात्यातली आहे. जीवाणूची पेशी मुळातच वेगळ्या घडणीची. विषाणूला तर पेशीच नाही. बुरशीच्या पेशीत मात्र केंद्रक आहे, मायटोकॉन्ड्रिया आहेत, प्रथिने घडवण्याची यंत्रणाही बरीचशी माणसासारखीच आहे. उत्क्रांतीच्या वंशवृक्षावर प्राणी आणि बुरशी एकाच फाट्यातून फुटलेले आहेत. वनस्पती त्या फाट्याच्या बाहेर राहतात. बुरशीवरची औषधे इतकी मोजकी का, आणि त्यांतली काही रुग्णाच्या मूत्रपिंडालाही का बाधतात, याचे एक मोठे कारण हे नाते आहे. रोगप्रतिकार यंत्रणेपुढचा पहिला प्रश्नही त्यातूनच उभा राहतो: इतका जवळचा जीव परका आहे हे ओळखायचे कशावरून?

उत्तर पेशीभोवतीच्या भित्तिकेत आहे. माणसाच्या पेशीला बाहेरून फक्त मेदद्रव्याचे पातळ पटल असते. बुरशीच्या पेशीला त्या पटलाबाहेर जाड, चिवट भित्तिका असते आणि ती मुख्यतः शर्करांच्या लांब साखळ्यांनी विणलेली असते. सर्वांत आत, पटलाला लागून, कायटिन असते. खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीत असते तेच हे द्रव्य. त्यावर बीटा-ग्लुकान, म्हणजे ग्लुकोजचे रेणू एका विशिष्ट जोडणीने गुंफून झालेली साखळी. कॅन्डिडासारख्या यीस्टमध्ये सर्वांत बाहेर मॅनानचा थर असतो: प्रथिनांना चिकटलेल्या मॅनोज शर्करेच्या दाट फांद्या. माणसाच्या पेशी कायटिन बनवत नाहीत, बीटा-ग्लुकानही बनवत नाहीत. मॅनोज माणसाच्या प्रथिनांवरही असते, पण त्याच्या टोकांवर सहसा इतर शर्करा बसलेल्या असतात. बुरशीसारखे उघडे आणि दाट मॅनोज निरोगी पेशीवर आढळत नाही. परकेपणाचा पुरावा शरीराला मिळतो तो या साखळ्यांमध्ये.

हा पुरावा भरवशाचा आहे, कारण तो सहजासहजी बदलता येत नाही. एखादे प्रथिन बदलून विषाणू प्रतिकारशक्तीला चुकवतो, तसे बीटा-ग्लुकानचे करता येत नाही. ते काढून टाकले तर आतल्या दाबाने पेशीच फुटते. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये मांडलेला विचार असाच होता: जन्मजात प्रतिकारशक्ती एकेका जंतूला ओळखत नाही, तर जंतूंच्या मोठ्या गटांत सर्वत्र सापडणाऱ्या आणि माणसात नसलेल्या रचना ओळखते. त्या वेळी त्यांच्या हाती पुरावा फारसा नव्हता. पुढे जो मिळाला, त्यात बुरशीचा वाटा मोठा आहे.

पण परका कोण एवढेच कळून भागत नाही. बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि प्रत्येक माणूस दररोज शेकडोंनी ते श्वासावाटे आत घेतो. कॅन्डिडा अल्बिकन्स अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात आयुष्यभर राहते. डोक्याच्या त्वचेवर मॅलासेझिया असते. केसांतल्या कोंड्याशी तिचा संबंध असला तरी तिच्यामुळे सहसा कोणी दगावत नाही. प्रत्येक बीजाणूमागे दाह पेटवायचा ठरवला तर फुप्फुसे काही दिवसांत निकामी होतील. म्हणून ओळखीला दुसरा भाग आहे: समोरची बुरशी या घडीला किती धोक्याची आहे. या प्रकरणातला सगळा गुंता खरे तर या दुसऱ्या प्रश्नाचा आहे, आणि निसर्गाने त्याची जी उत्तरे शोधली आहेत ती थक्क करणारी आहेत.

त्याआधी शरीराच्या उष्णतेचा उल्लेख करायला हवा. आतापर्यंत वर्णन झालेल्या सुमारे दीड लाख बुरशींपैकी माणसाला आजारी पाडणाऱ्या फक्त काहीशे आहेत. ३७ अंश सेल्सिअसला बहुतेक बुरशींना वाढताच येत नाही. शीतरक्ताच्या बेडकांमध्ये बुरशीच्या साथींनी कित्येक जाती नामशेष होण्याच्या काठावर नेल्या आहेत, आणि उत्तर अमेरिकेतली वटवाघळे बुरशीला बळी पडली ती थंडीतल्या दीर्घ झोपेत, जेव्हा त्यांचे अंग गार पडलेले असते. माणसाच्या पेशींना ज्यांच्याशी सामना करावा लागतो त्या बुरशी या गाळणीतून पार झालेल्या आहेत.

रक्तपेशी आणि बुरशी यांची गाठ माणसाने प्रथम पाहिली ती पाण्यातल्या पिसूत. रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेचनिकॉव्ह यांनी १८८४ मध्ये डॅफ्निया या पारदर्शक जलपिसूच्या रोगाचे वर्णन केले. तो रोग एका यीस्टमुळे होतो आणि त्या यीस्टचे बीजाणू सुईसारखे टोकदार असतात. पिसूने ते गिळले की आतड्याची भिंत भेदून ते अंगाच्या पोकळीत घुसतात. पिसू पारदर्शक असल्यामुळे पुढचे सगळे जिवंतपणी दिसते: रक्तपेशी सुईभोवती गोळा होतात, तिला वेढतात, आणि सुई हळूहळू विरघळते. पेशी जिंकल्या तर पिसू जगतो. सुया फार झाल्या आणि त्यांना अंकुर फुटले, तर पिसू मरतो. जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींच्या सिद्धांताला या निरीक्षणाने बळ दिले. त्या सिद्धांतासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक पाउल एर्लिख यांच्याबरोबर मिळाले. पेशी बुरशीला ओळखते हे दिसले होते. कशाने ओळखते हे समजायला आणखी शतकाहून अधिक काळ लागला.

मधल्या काळात प्रयोगशाळांमध्ये झायमोसान नावाची पूड वापरात होती. पावाच्या यीस्टची भित्तिका शिजवून, धुऊन ती तयार करतात. भक्षक पेशींना झायमोसान दिले की त्या ते अधाशीपणे गिळतात आणि लगेच दाहाचे संदेश सोडू लागतात. पेशींचे गिळणे मोजायला म्हणून दशकानुदशके ही पूड वापरली गेली, पण पेशीवरचे कोणते प्रथिन तिला पकडते हे कळत नव्हते.

पहिला मोठा धक्का माशीने दिला. फळांवर घोंघावणाऱ्या ड्रोसोफिला माशीत टोल नावाचे जनुक असते. गर्भाची पाठ कुठली आणि पोट कुठले हे ते ठरवते, म्हणून ते आधीच माहीत होते. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग येथे ब्रुनो लमेत्र, ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की टोल निकामी असलेल्या माश्या अ‍ॅस्परजिलस फ्युमिगाटस या बुरशीपुढे टिकत नाहीत. त्या दोन-तीन दिवसांत मरतात आणि त्यांच्या अंगावर बुरशीचे तंतू उगवून येतात. जीवाणूंशी मात्र त्या बऱ्यापैकी लढतात. पुढच्याच वर्षी जेनवे आणि रुस्लान मेद्झितोव्ह यांनी माणसातले टोलसदृश ग्राही (परक्या रचना पकडणारे पेशीवरचे प्रथिन) शोधले. हॉफमन यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला तो या कामासाठी.

इथे एक वळण आहे आणि ते लोकप्रिय लेखनात सहसा गाळले जाते. माशीत बुरशीविरुद्ध उभा राहणारा टोल हा मार्ग माणसात त्याच कामावर मुख्य नाही. टोलसदृश ग्राहींचा संदेश पुढे नेणारे प्रथिन जन्मतः नसलेली मुले असतात. त्यांना लहानपणी न्यूमोनिया आणि पू होणाऱ्या जीवाणूंचे गंभीर संसर्ग होतात, पण बुरशीचा खास त्रास होत नाही. माणसाची बुरशीविरुद्धची मुख्य ओळख दुसरीकडे होती.

ती सापडली २००१ मध्ये, ऑक्सफर्डला. गॉर्डन ब्राऊन आणि सायमन गॉर्डन यांनी भक्षक पेशींमधली जनुके घेऊन ती झायमोसानला न चिकटणाऱ्या साध्या पेशींमध्ये घातली, आणि कोणत्या पेशीला आता झायमोसान चिकटते ते पाहिले. ज्या जनुकाने हा बदल घडवला त्याचे प्रथिन एका अमेरिकी गटाने आधीच नोंदलेले होते, पण त्याचे बुरशीशी नाते कुणाला ठाऊक नव्हते. ते प्रथिन म्हणजे डेक्टिन-१, आणि ते पकडते बीटा-ग्लुकान.

डेक्टिन-१ कसे काम करते ते जरा जवळून पाहण्याजोगे आहे. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि डेन्ड्रिटिक पेशी या भक्षक पेशींच्या पटलावर ते असते. बाहेरचे डोके ग्लुकानला धरते, आत एक आखूड शेपूट असते. ग्लुकान बसले की शेपटीवर फॉस्फेट जोडले जाते. तिथे सिक नावाचे विकर येऊन बसते आणि संदेश पुढे सरकतो. पण त्याच पटलावर सीडी-४५ आणि सीडी-१४८ ही दोन मोठी प्रथिनेही असतात आणि त्यांचे काम फॉस्फेट काढून टाकणे हे आहे. रक्तातून वा अन्नातून आलेले ग्लुकानचे सुटे, विरघळलेले रेणू डेक्टिन-१ ला चिकटतात खरे, पण शेजारची दोन प्रथिने फॉस्फेट लगेच पुसून टाकतात. संदेश निघतच नाही. बुरशीची अख्खी पेशी अंगाला टेकली की गोष्ट बदलते. तिच्या पृष्ठावरचे ग्लुकान शेकडो डेक्टिन-१ एकाच जागी ओढून घेते, दोन्ही पटले एकमेकांना भिडतात आणि त्या चिंचोळ्या फटीतून सीडी-४५ व सीडी-१४८ बाजूला ढकलली जातात. पुसणारे कोणी उरत नाही, संदेश टिकतो. २०११ मध्ये ही यंत्रणा उलगडली गेली. बुरशीचे तुकडे तरंगत असणे आणि बुरशी स्वतः समोर असणे यातला फरक पेशी अशा रीतीने स्पर्शावरून ओळखते. त्यासाठी तिला वेगळे ग्राही लागत नाही.

सिकनंतरचा टप्पा कार्ड-९ या प्रथिनाचा. ते आणखी दोन प्रथिनांना जोडून घेते आणि केंद्रकातली दाहाची जनुके चालू करते. पेशी बुरशीला गिळते, तिच्यावर ऑक्सिजनची तीव्र संयुगे सोडते, न्यूट्रोफिलांना बोलावणारी रसायने स्रवते आणि इंटरल्यूकिन-१, ६ व २३ हे संदेशरेणू बाहेर पाठवते. यांतल्या शेवटच्या दोघांचे महत्त्व टी-पेशींच्या संदर्भात पुढे येईल.

डेक्टिन-१ एकटे नाही. डेक्टिन-२ मॅनान ओळखते. मिन्कल हे ग्राही मॅलासेझियाच्या शर्करायुक्त मेदांना धरते. न्यूट्रोफिलांवर रक्तातल्या पूरक प्रथिनांचे तिसरे ग्राही, सीआर-३, ग्लुकान पकडण्यात मोठा भाग घेते. २०१८ मध्ये मेललेक नावाचे ग्राही सापडले आणि ते ओळखते चक्क रंग: अ‍ॅस्परजिलसच्या बीजाणूंवरचे मेलॅनिन. या रंगद्रव्यामुळे बीजाणूंना त्यांची छटा येते आणि उन्हापासून संरक्षण मिळते. पेशींच्या जोडीला रक्तात आणि फुप्फुसाच्या द्रवात विरघळलेली प्रथिनेही पाळतीवर असतात. पेन्ट्रॅक्सिन-३ बीजाणूंना चिकटते आणि पूरक प्रथिने बुरशीच्या पृष्ठावर जमा होतात. जीवाणूंच्या काही गटांना पूरक प्रथिने भोक पाडून मारतात. बुरशीची भित्तिका मात्र इतकी जाड असते की ती भोके आतल्या पटलापर्यंत पोचत नाहीत. तिथे त्यांचे काम खूण करण्याचे, भक्षक पेशीला गिळणे सोपे व्हावे म्हणून.

शरीर भित्तिका वाचते म्हटल्यावर बुरशीनेही भित्तिका झाकायच्या युक्त्या शोधल्या. अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू दोन-तीन मायक्रोमीटरचा असतो, फुप्फुसाच्या सर्वांत आतल्या वायुकोशापर्यंत सहज पोचणारा. त्याच्यावर रोडलेट नावाच्या प्रथिनाची पाणी न धरणारी झिलई असते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत विशुकुमार ऐमनियांदा, जाँ-पॉल लाट्झे आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की झिलई शाबूत असताना प्रतिकारपेशी बीजाणूकडे लक्षच देत नाहीत. झिलई रसायनाने उतरवली, किंवा तिचे जनुक काढून टाकले, की त्याच पेशी खडबडून जाग्या होतात. फुप्फुसात दिवसाकाठी शेकडो बीजाणू जाऊनही माणूस खोकत बसत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

पण बीजाणूला झिलईत कायमचे राहता येत नाही. वाढायचे तर पाणी शोषून फुगावे लागते. भिजवलेली मटकी मोड येण्याआधी फुगते आणि तिची साल तडकते, तसाच बीजाणू काही तासांत फुगतो, वरचे आवरण फाटते आणि खालचे ग्लुकान उघडे पडते. डेक्टिन-१ नेमके त्या वेळी जागे होते. झोपलेला बीजाणू निरुपद्रवी असतो आणि दुर्लक्षिला जातो. रुजू लागलेला बीजाणू धोक्याचा असतो आणि पकडला जातो. धोका किती हे विचारायला शरीराला वेगळी चौकशी करावी लागत नाही. बुरशीच्या वाढण्याच्या क्रियेतूनच ते उत्तर मिळते. या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट बहुधा हीच आहे.

कॅन्डिडाची तऱ्हा निराळी. यीस्टच्या रूपात तिचे ग्लुकान मॅनानच्या थराखाली दडलेले असते, पण मूळ पेशीतून कळी तुटून वेगळी होते तिथे एक वण राहतो आणि त्या वणात ग्लुकान उघडे असते. डेक्टिन-१ तिथेच चिकटते. तीच कॅन्डिडा लांब तंतूंच्या रूपात वाढू लागली की कळ्या तुटत नाहीत, वण पडत नाहीत आणि ग्लुकान झाकलेलेच राहते. आतड्यात जीवाणू लॅक्टेट तयार करतात. त्याच्या सान्निध्यात कॅन्डिडा आपले ग्लुकान आणखी झाकून घेते असेही आढळले आहे. कॅस्पोफंजिन हे औषध ग्लुकान तयार होण्याची क्रिया अडवते. त्याने विस्कटलेल्या भित्तिकेतून आतले ग्लुकान बाहेर दिसू लागते, म्हणजे औषध मारते आणि वर प्रतिकारपेशींना खूणही करून देते.

हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी बीटा-ग्लुकानवर अल्फा-ग्लुकानचे पांघरूण घालते; तरी कुठे टोके उघडी राहिली तर ती कातरणारे विकरही स्रवते. क्रिप्टोकॉकस नियोफॉर्मान्सने तर भित्तिकेबाहेर शर्करेचे जाड, बुळबुळीत कवच उभे केले आहे. कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी ही बुरशी श्वासातून आत जाते. कवचामुळे भक्षक पेशीला ती धरताच येत नाही, आणि सुटे कवच रक्तात मिसळून प्रतिकारपेशींना आणखी बधिर करते. काही क्रिप्टोकॉकस पेशी फुप्फुसात इतक्या प्रचंड वाढतात की त्यांना गिळणे अशक्यच होते.

कॅन्डिडा तंतूरूपात ग्लुकान लपवते, आणि शरीरात घुसणारे रूप तर तेच. मग तो धोका कळतो कसा? याचे उत्तर भक्षक पेशींनी नाही, तोंडाच्या अस्तरातल्या साध्या पेशींनी दिले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या ज्युलियन नॅग्लिक यांच्या गटाने आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये कॅन्डिडालायसिन या विषाचा शोध जाहीर केला. अवघ्या ३१ अमिनो आम्लांचा हा रेणू फक्त तंतू स्रवतात. तंतू अस्तराच्या पेशीत घुसतो, विष पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते आणि पेशी धोक्याचा संदेश देते. ज्या कॅन्डिडामधून या विषाचे जनुक काढून टाकले तिचे तंतू नेहमीसारखे वाढले, पेशींत शिरलेही, पण इजा झाली नाही आणि संदेशही गेला नाही. म्हणजे अस्तर नुसत्या उपस्थितीकडे काणाडोळा करते आणि इजा झाली की उठते. तोंडात कॅन्डिडा असूनही तोंड का आलेले नसते, याचा खुलासा बराचसा इथे होतो.

न्यूट्रोफिल आणखी एक गोष्ट मोजतात, ती म्हणजे आकार. यीस्टची पेशी जेमतेम पाच मायक्रोमीटरची, ती गिळता येते. तंतू न्यूट्रोफिलाच्या कितीतरी पट लांब असतो. गिळता येईल इतकी लहान बुरशी असेल तर डेक्टिन-१ मार्फत ती आत घेतली जाते आणि न्यूट्रोफिलातले इलास्टेज हे विकर त्या गिळलेल्या कप्प्यात अडकून पडते. गिळता येत नसेल तर तेच विकर मोकळे राहून केंद्रकात जाते, तिथला डीएनए सैल करते, आणि पेशी स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून तंतूला त्यात गुरफटवते. हे जाळे आजूबाजूच्या निरोगी ऊतींनाही जाळते. म्हणून लहानशा यीस्टवर ते न वापरण्याला मोल आहे.

ओळखण्याची ही साखळी माणसात किती महत्त्वाची आहे हे तिचा एकेक दुवा तुटलेल्या कुटुंबांनी शिकवले. नेदरलँड्समधल्या एका कुटुंबात डेक्टिन-१ निकामी होते. त्या कुटुंबातल्या स्त्रियांना योनीमार्गात कॅन्डिडाचा संसर्ग वारंवार होई, नखांत बुरशी होई. पण रक्तात वा मेंदूत बुरशी पसरली नाही. हे जाहीर झाले त्याच वर्षी, २००९ मध्ये, कार्ड-९ नसलेल्या एका इराणी कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध झाली. तिथे कॅन्डिडा मेंदूपर्यंत पोचली होती आणि काही जण दगावले होते. फरकाचे कारण सरळ आहे. डेक्टिन-१ गेले तरी डेक्टिन-२ आणि मिन्कल उरतात. पण या सगळ्यांचे संदेश कार्ड-९ मधूनच जातात आणि ते गेले की सगळेच मुके होतात. पुढे उत्तर आफ्रिकेतल्या काही कुटुंबांत कार्ड-९ च्या अभावी नायट्याची बुरशीही खोलवर, लसीका गाठींपर्यंत गेल्याचे आढळले. एरवी गजकर्ण कातडीच्या मृत थरात राहते आणि खाजेपलीकडे जात नाही. तिला तिथे अडवून धरणारे काहीतरी सतत जागे असते, हे या रुग्णांमुळे कळले.

ओळख पटणे आणि मारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही अशाच एका जन्मजात आजाराने दाखवले. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये न्यूट्रोफिल बुरशी ओळखतात, गिळतात, पण ऑक्सिजनची तीव्र संयुगे तयार करू शकत नाहीत. अ‍ॅस्परजिलस हा त्या मुलांचा मोठा वैरी असतो.

भक्षक पेशींनी ओळखलेली बातमी डेन्ड्रिटिक पेशी लसीका गाठींत टी-पेशींपर्यंत नेतात. तिथे इंटरल्यूकिन-६ आणि २३ च्या प्रभावाखाली टी-एच-१७ नावाच्या टी-पेशी तयार होतात. त्या इंटरल्यूकिन-१७ स्रवतात, आणि त्यामुळे त्वचा व तोंडाचे अस्तर बुरशीमारक प्रथिने तयार करतात, न्यूट्रोफिलांना बोलावतात. इंटरल्यूकिन-१७ चा मार्ग जन्मतः तुटलेल्या रुग्णांना तोंडात, नखांत, त्वचेवर चिवट कॅन्डिडा होते. २०११ मध्ये हे सिद्ध झाले. एचआयव्ही बाधितांच्या तोंडात दिसणारा कॅन्डिडाचा पांढरा थर हाही याच टी-पेशी खचल्याचा परिणाम. पण त्या रुग्णांच्या रक्तात कॅन्डिडा क्वचितच शिरते. उलट कर्करोगाच्या केमोथेरपीने न्यूट्रोफिल घटलेल्या रुग्णाच्या रक्तात ती शिरू शकते, आणि अ‍ॅस्परजिलस त्याच्या फुप्फुसात घुसते. अस्तरावरची राखण टी-पेशींकडे आणि आतली न्यूट्रोफिलांकडे, अशी ही विभागणी आहे. रुग्णाला कोणती बुरशी कुठे झाली आहे यावरून त्याच्या प्रतिकारशक्तीचा कोणता भाग खचला आहे याचा अंदाज डॉक्टर बांधतात तो यामुळेच.

ओळख जास्तीची झाली तरीही नुकसान होते. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकेत अ‍ॅस्परजिलस वाढते. ते ऊतींत घुसत नाही, पण शरीर त्याविरुद्ध अ‍ॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया देते आणि त्या प्रतिक्रियेनेच श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर झालेल्या एचआयव्ही रुग्णाला विषाणूविरोधी औषधे फार लवकर सुरू केली, तर परतलेल्या टी-पेशी एकदम बुरशी ओळखतात, मेंदूतला दाब वाढतो आणि रुग्ण दगावू शकतो. म्हणून आधी काही आठवडे बुरशीवर उपचार आणि मग एचआयव्हीची औषधे, असा क्रम ठेवतात.

भारतात या सगळ्याची सर्वांत मोठी आणि दुःखद प्रचीती २०२१ च्या उन्हाळ्यात आली. कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या काळ्या बुरशीचे, ४० हजारांहून अधिक रुग्ण देशात नोंदले गेले. महाराष्ट्र आणि गुजरात त्यांत आघाडीवर होते. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करायला सांगितले. नाकातून सुरू होऊन डोळ्यांमागे आणि मेंदूकडे जाणाऱ्या या रोगात कित्येकांचे डोळे आणि जबडे काढावे लागले, आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या बुरशीरोधक औषधाच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक शहरे पालथी घालत होते.

या रोगाला कारण होणारे रायझोपस आणि त्याचे भाऊबंद शिळ्या भाकरीवर, मातीत, कंपोस्टमध्ये सर्वत्र असतात. निरोगी माणसाच्या भक्षक पेशी त्यांचे बीजाणू गिळतात. लगेच मारू शकल्या नाहीत तरी लोह मिळू देत नाहीत आणि लोहावाचून बीजाणूला रुजता येत नाही. मधुमेह बेताबाहेर गेला आणि रक्त आम्लधर्मी झाले की प्रथिनांना बांधलेले लोह सुटते आणि ही नाकेबंदी मोडते. वाढलेल्या साखरेमुळे नाकाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी-७८ नावाचे प्रथिन वाढते, आणि रायझोपस स्वतःच्या एका प्रथिनाने त्यालाच धरून आत शिरते. त्यात कोविडवर दिलेली स्टेरॉइड्स भक्षक पेशींची धार कमी करत होती. ती अनेकांना जीव वाचवणारी ठरली हे खरे, पण गरज नसताना, जास्त मात्रेत, साखर न तपासता ती दिली गेली तिथे किंमत मोजावी लागली. स्टेरॉइडमिश्रित मलमे दुकानातून परस्पर घेऊन गजकर्णावर चोळण्याची देशभरची सवयही याच जातीची आहे. खाज थांबते, कारण दाह थांबतो. दाह थांबतो, कारण त्वचेने बुरशीला दिलेले उत्तर थांबते. आणि चट्टा पसरत राहतो.

शरीर जी खूण वाचते तीच प्रयोगशाळेलाही वाचता येते. बुरशी खोलवर पसरल्याचा संशय असेल तर रुग्णाच्या रक्तात बीटा-ग्लुकान मोजतात. ही चाचणी उभी आहे नालखेकड्याच्या रक्तपेशींवर: त्या प्राण्याचे रक्त बीटा-ग्लुकानच्या संपर्काने गोठते, कारण त्याच्या रक्तातला एक घटक ग्लुकान ओळखतो. अ‍ॅस्परजिलससाठी गॅलेक्टोमॅनान या दुसऱ्या शर्करेची चाचणी आहे. दोन्हींना मर्यादा आहेत. म्युकरच्या कुळातल्या बुरशींच्या भित्तिकेत या चाचणीला सापडेल असे बीटा-ग्लुकान फारच कमी असते आणि गॅलेक्टोमॅनान नसते. त्यामुळे रोग वेगाने पसरत असतानाही दोन्ही अहवाल कोरे येऊ शकतात. म्हणून म्युकरमायकोसिसचे निदान आजही जुन्याच पद्धतीने करावे लागते. नाकातून ऊतीचा तुकडा घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली रुंद, क्वचितच आडपडदे असलेले, जवळजवळ काटकोनात फुटणारे तंतू शोधायचे. अ‍ॅस्परजिलसचे तंतू अरुंद असतात, त्यांत नियमित आडपडदे असतात आणि फांद्या लघुकोनात फुटतात.